पद रिक्त नव्हतं

करुणा साळवे गौताळा विद्यापीठात इतिहास शिकवायची. सुवर्णमहोत्सवासाठी कुलगुरूपदाची परंपरा सांगणारं पुस्तक लिहायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. आता त्याचं नाव काढलं तरी डोकं उठायचं.

सगळं अडलं होतं जोहरा मॅडमवर. वीसेक वर्षांपूर्वी एक कुलगुरू मध्येच राजीनामा देऊन गेले, नवी नेमणूक लांबली आणि रसायनशास्त्राच्या जोहरा मॅडम प्रभारी कुलगुरू झाल्या. विद्यार्थ्यांच्या आंदोलनात रखडलेला दीक्षान्त समारंभ त्यांनीच पार पाडला. मिरवणुकीत कुलगुरूंनी पदवीधरांच्या मागून चालायचं, ही रीतही त्यांचीच. विद्यापीठ आजही ती मोठ्या अभिमानानं मिरवतं. पण सभागृहात लावलेल्या कुलगुरूंच्या तसबिरींत जोहरा मॅडम नाहीत.

करुणानं त्यांच्यावर प्रकरण लिहिलं. संपादक समितीनं ते काढलं. तिनं पुन्हा घातलं, पुन्हा निघालं. शेवटी ती थेट कुलगुरू नानासाहेबांकडे गेली.

"साळवे मॅडम, मला पटतं तुमचं," नानासाहेब म्हणाले. "पण प्रभारी तो प्रभारी. एकाला घेतलं की सगळे येतील, आम्हालाही घ्या म्हणून."

"येऊ द्या ना सर. काम केलंय त्यांनी."

"तसा पायंडा नाही."

"आणि मिरवणुकीत तुम्ही मागून चालता, तो पायंडा कुणाचा?"

नानासाहेबांनी चहा मागवला आणि तो येईपर्यंत पार्किंगच्या अडचणींवर बोलत राहिले.

पुस्तक छापून आलं. जोहरा मॅडमच्या काळापुढे एकच वाक्य होतं : 'या काळात पद रिक्त होते.' मुखपृष्ठावर लेखिका म्हणून करुणाचं नाव.

तोंड दाखवायला लाज वाटत होती, तरी ती प्रत घेऊन औरंगपुऱ्यात जोहरा मॅडमकडे गेली. कापडाच्या दुकानावरच्या छोट्या घरात त्या एकट्याच राहायच्या. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं.

"रिक्त होतं? मग मी तिथं काय करत होते, बाई?" त्या म्हणाल्या. "पोलीस म्हणत होते, तुम्ही पुढं चाललात तर पोरं वाट अडवतील. म्हटलं, मग पोरांनाच पुढं जाऊ द्या, मी मागून येते. एवढीच गोष्ट. त्याला विनम्रता वगैरे नाव नंतर दिलं लोकांनी."

"मी प्रकाशनाला जाणारच नाही, मॅडम."

"नाही गेलीस तर तुझी खुर्ची रिकामी दिसेल, म्हणतील तीपण रिक्त होती." त्यांनी पुस्तक परत तिच्या हातात दिलं. "जा आणि बोल."

करुणा गेली. बोलायची पाळी आली तेव्हा ती प्रत हातात घेऊनच उभी राहिली. "या पुस्तकावर माझं नाव आहे," ती म्हणाली, "पण यातलं एक वाक्य माझं नाही, आणि ते खोटं आहे." मग तिनं जोहरा मॅडमची सगळी हकीकत सांगितली. मागच्या रांगांतून थोड्या टाळ्या आल्या. नानासाहेब मोबाइलमध्ये बघत होते. निवेदक गोड आवाजात म्हणाला, "साळवे मॅडमनी आपल्या भावना व्यक्त केल्या, त्यांचे आभार." आणि सत्कार सुरू झाले.

भावना. घरी जाताना रिक्षात तो शब्द तिच्या डोक्यातून जाईना.

पुढं नानासाहेबांची मुदत संपली. नवी नेमणूक लांबली आणि कार्यभार आला संपादक समितीचे अध्यक्ष अभय देशपांडे यांच्याकडे. प्रकरण काढणारे तेच. करुणा त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"सर, आता अधिकार तुमच्याकडे आहेत. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करा."

देशपांडे अवघडले. "मॅडम, मी प्रभारी आहे. असा निर्णय मला कसा घेता येईल? कायम कुलगुरू येऊ द्या."

करुणा उठून वर्गावर गेली. त्या दिवशीचा धडा तिनं बाजूला ठेवला आणि मुलांना जोहरा मॅडमबद्दल सांगायला सुरुवात केली.