जांभळ्या बुचाची नळी

“वन्सं, आत्याबाईंना सांगू नका,” रुपाली म्हणाली आणि डाव्या हाताचं रक्ताळलेलं बोट पदरात लपवायला गेली. पदर होता पांढरट, बारीक फुलांचा. त्यात काय लपणार?

गोठ्यामागच्या पायरीवर बसून ती चोरून शेपू चिरत होती. घरातल्या दोन्ही विळ्या, कोयता, सुऱ्या, इतकंच काय नवऱ्याच्या, सुभाषच्या दाढीची ब्लेडंसुद्धा सासूनं, बयाबाईंनी महिन्याभरापूर्वी कपाटात कुलूप लावून ठेवली होती. ही विळी रुपालीनं शेजारच्या जानकूच्या घरून टोपलीत पाल्याखाली घालून आणली होती. भाजी चिरण्यासाठी विळी चोरून आणणारी महाळुंगे पडवळमधली ती पहिलीच बाई असावी.

उज्ज्वला तिच्यासमोर उकिडवी बसली आणि बोट दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून धरलं. तेवढ्यात बयाबाई दारात आल्याच.

“आगं बया! कापून घेतलं का? सुभ्या, गाडी काढ! रगत थांबायचं न्हाई आता!”

“आई, ओरडू नकोस. मी धरलंय.”

“तू धरून काय व्हतंय? तू कुठं सुया देणारी डाक्टर हायेस?”

हे मात्र खरं होतं. उज्ज्वला पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होती. तीस वर्षं तिनं अँटीबॉडी आणि पेशी यांच्या खटपटी बघण्यात घालवली होती. शरीर स्वतःच्याच पेशीला परकं कधी समजतं आणि तिला जाऊन का चिकटतं, एवढ्या एका प्रश्नात तिचं पुण्यातलं शिक्षण, जर्मनीतली चार वर्षं आणि पुढची सगळी नोकरी गेली. एका रेणूवर तिनं फार जीव लावला होता, त्याचं औषध होईल असं वाटलं होतं. उंदरांवरच ते फसलं. येत्या मार्चमध्ये ती निवृत्त होणार होती. गावी आली की आई दरवेळी विचारायची, “तुझं औषिद आलं का गं?” आणि उज्ज्वला म्हणायची, “नाही अजून.”

रुपाली तिच्या धाकट्या भावाची, सुभाषची बायको. दिवाळीनंतर तिच्या पोटात कळा यायला लागल्या. पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी रक्त तपासलं तर प्लेटलेट साठ हजार. जखम झाली की रक्त थांबवणाऱ्या या पेशी दीड लाखाच्या वर हव्यात. पुन्हा तपासलं, तीस हजार. मग रक्त पुण्याला पाठवलं, तिथून आले अकरा हजार. ऑपरेशनवाले म्हणाले, आम्ही हात लावणार नाही. कुणीतरी हाडातला मगज काढून तपासायला सांगितलं. कॅन्सर हा शब्द घरात एकानंही उच्चारला नाही आणि गावात तो ज्याच्या त्याच्या तोंडी झाला.

मग उपाय सुरू झाले. परसातल्या पपईची पानं रसासाठी ओरबाडून झाडाचा खराटा झाला. वरच्या आळीतला कुशाबा रोज सकाळी शेळीचं दूध घेऊन यायचा आणि रुपालीनं ते समोर प्याल्याशिवाय हलायचा नाही. तिला झाडू नाही, चूल नाही, गोठा नाही. काच फुटून लागू नये म्हणून बयाबाईंनी स्वतःच्या हातानं सुनेच्या काचेच्या बांगड्या उतरवल्या आणि प्लास्टिकच्या चढवल्या. मुलगा धडधाकट असताना सुनेच्या हातातली काच काढायची म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

परवा मगज तपासायची वेळ ठरली होती. रुपालीला घेऊन जायलाच उज्ज्वला आली होती. पुण्यात ती फोनवर सगळ्यांना धीर द्यायची आणि फोन ठेवला की घाबरायची, कारण तिच्याही मनात तोच शब्द होता.

सुभाषनं गाडी दारात आणून हॉर्न वाजवला. उज्ज्वलानं बोटावरचा दाब हळूच सोडला.

रक्त थांबलं होतं. चांगली खोल चीर होती, तरी तोंडाशी घट्ट गुठळी धरली होती. उज्ज्वला बघतच राहिली. मग तिनं रुपालीचे दंड बघितले, पोटऱ्या बघितल्या, ओठ खाली ओढून हिरड्या बघितल्या.

“वन्सं, काय बैल घ्यायचाय का?”

“रुपाली, कुठं काळंनिळं पडतं का गं? दात घासताना रक्त येतं?”

“न्हाई की. मला कायबी व्हत न्हाई. कळा सोडल्या तर मी लई ठणठणीत हाय. पण माझं ऐकतंय कोण?”

अकरा हजार प्लेटलेट असलेल्या बाईचं बोट असं थांबत नाही. काय झालं असेल ते उज्ज्वलाला कळल्यासारखं वाटत होतं, पण बोलायची हिंमत होईना. खोटी आशा लावली आणि परवा ती मोडली, तर या घराला पुन्हा कुठल्या तोंडानं सामोरं जायचं?

“सुभाष, मंचरला चल,” ती एवढंच म्हणाली. “रुपाली, तूपण बस.”

मंचरच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या वर छोटी लॅब होती. तिथली पॅथॉलॉजिस्ट समृद्धी तिशीतली, कामात गढलेली. तिनं तिन्ही रिपोर्ट नीट वाचले.

“मॅडम, मशीन एकदा चुकेल. तीनदा?”

“मशीन वेगवेगळी होती. नळी तिन्ही वेळा एकच, जांभळ्या बुचाची.”

समृद्धीनं मान वर केली. रक्त गोठू नये म्हणून त्या नळीत एक रसायन असतं. क्वचित एखाद्याच्या रक्तात अशी अँटीबॉडी असते की त्या रसायनात पडल्याबरोबर प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. मग मशीन त्यांना मोजूच शकत नाही. नळी जितकी पडून राहील, तितका आकडा खाली.

“म्हणून पुण्याला गेलेल्या रक्तात सगळ्यात कमी!” समृद्धी म्हणाली. “पुस्तकात वाचलंय मी. बघितलं नाही कधी.”

“मीपण असे गठ्ठे फक्त उंदरांच्या रक्तात बघितलेत. आणि आपण चुकतही असू. निळ्या बुचाची, दुसऱ्या रसायनाची नळी आहे ना? दोन्हींत रक्त घ्या आणि दोन्हींच्या काचपट्ट्या करा.”

काचपट्ट्या वाळवून, रंगवून होईपर्यंत उज्ज्वला दारात उभी राहिली. बाकड्यावर सुभाष आणि रुपाली एकमेकांकडे न बघता बसले होते. समृद्धीनं सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी लावली आणि खुर्ची पुढे केली. “या मॅडम, बघा.”

“आधी तुम्ही,” उज्ज्वला म्हणाली. माणसाला जे दिसावंसं वाटतं तेच दिसतं, हे तिनं वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना बजावलं होतं. आज तिला इतकं काही दिसावंसं वाटत होतं की तिचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा उरला नव्हता.

समृद्धी बराच वेळ बघत राहिली. पट्टी सरकवली, दुसरी लावली, पुन्हा पहिली लावली. पांढऱ्या पेशी एकेक करून तपासल्या. मग उठली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता.

“जांभळ्यात ढीगच्या ढीग आहेत. निळ्यात सगळ्या सुट्या. मोजल्यात, दोन लाखांच्या वर आहेत. पांढऱ्या पेशी एकदम छान, वाईट काहीच नाही. मी लिहून देते, ऑपरेशनवाल्यांना फोनही करते.”

मग उज्ज्वलानं स्वतः दोन्ही पट्ट्या बघितल्या.

सुभाषला तिनं दोनदा समजावून सांगितलं. तो नुसता “म्हंजी?” म्हणत राहिला.

“म्हणजे तिचं रक्त चांगलं आहे. पहिल्यापासून चांगलंच होतं. उद्या ऑपरेशनची तारीख घे.”

“मंग परवा मगज?”

“काही गरज नाही.”

सुभाष बाकड्यावरून उठला, जिन्यापर्यंत गेला, परत आला. “आयला, त्या कुशाबाच्या शेळीचं काय करू आता?” म्हणाला आणि हसता हसता तोंड फिरवून रडायला लागला.

उज्ज्वलानं घरी फोन लावला. बयाबाई फोनमध्ये ओरडूनच बोलायच्या, त्यामुळे सगळ्या लॅबनं ऐकलं.

“कॅन्सर न्हाई? खरं सांगतीस? माज्या गळ्याची आन घे!”

“घेतली. काही नाही तिला. खडे काढले की झालं.”

“पांडुरंगा! मंग तुझंच औषिद लागू पडलं म्हण की.”

“औषध नाही गं दिलं काही.”

“मंग काय केलंस?”

“बघितलं नीट.”

पलीकडे बयाबाईंचा आवाज एकदम खाली आला. “उजे, जेवायला या समदी. वाट बघती.”

निघायची वेळ झाली. समृद्धी काचपट्टी बाजूला ठेवणार, तेवढ्यात रुपाली दारातून म्हणाली, “बाईसाहेब, मला बघू देताल का? महिनाभर ज्यानं त्यानं माझ्याच रगताचं बोलणं केलं. मलाच तेवढं म्हाईत न्हाई ते कसं दिसतंय.”

समृद्धीनं निळ्या बुचाच्या रक्ताची पट्टी लावून दिली. रुपाली खुर्चीवर बसली, कपाळावर आलेले केस मागे सारले, डोक्यावर पदर घेतला. वाकली तसं तिचं मंगळसूत्र काचपट्टीवर लोंबायला लागलं. उज्ज्वलानं मागून हात घालून ते तळहातावर झेलून धरलं.

“मोठाले तांबडे दिसतात ना, त्यांच्या अधेमधे बारीक जांभळे ठिपके बघ. त्याच प्लेटलेट.”

“हां, दिसल्या. आगं बाई, लई हायेत की!”

“लई आहेत,” उज्ज्वला म्हणाली. आजवर तिनं बघितलेल्या पेशींना नंबर असायचे, तारखा असायच्या. त्या ज्याच्या, ते कधी स्वतः वाकून बघायला आलं नव्हतं.

“आणि त्या नळीत गेल्या की काय करतात म्हनला?”

“एकमेकींना धरून बसतात.”

रुपालीनं भिंगावरून डोळा काढला नाही. “परक्या जागी गेल्यावर आनखी काय करतील बिचाऱ्या,” ती म्हणाली, आणि बघतच राहिली. सुभाष खाली गाडीत जाऊन बसला होता. घाई कुणालाच नव्हती. उज्ज्वला मंगळसूत्र हातात धरून तिच्यामागे उभी राहिली.