दुसऱ्या पाळीतला चोर

"मी घरी गेलो की झाकणं चुकतात! म्हणजे मशीनच्या बोर्डांना तुम्हीच हात लावता. आज चोर पकडतोच!" बाटल्यांना झाकणं लावणारं मशीन चालवणाऱ्या मावशींवर मी डाफरलो, लॅपटॉप धाडकन मिटला आणि पाळत ठेवून उभा राहिलो.

थोड्याच वेळात झाकणं बाटल्यांच्या बाजूला पडू लागली. कुणी हातही लावला नव्हता.

तेव्हा आठवलं. मशीनमधला एक लिनक्स बोर्ड, म्हणजे छोटा संगणक, बाटली सरकवतो, दुसरा झाकण दाबतो. दोघांची घड्याळं जुळावीत म्हणून चाचणीपुरती मी ती माझ्या लॅपटॉपच्या घड्याळाला बांधली होती. सोडवायची राहिली. लॅपटॉप मिटला की दोघं आपापल्या वेळेने धावायची. रोज त्यांची वेळ मीच घरी नेत होतो.

लॅपटॉप उघडला. झाकणं निमूट बसू लागली. माझी मान वर होईना.

"साहेब," मावशींनी विचारलं, "सापडला का चोर?"