तायवोने पाठवलेले फोटो

नायजेरियातल्या आमच्या इग्बो-ओरा गावात जुळी इतकी, की एकटं जन्मलेलं मूल दिसलं तर लोक वळून बघतात. मी त्या जुळ्यांतलीच, केहिंदे, म्हणजे मागून आलेली आणि तरीही थोरली. आधी येतो तो तायवो, आणि तो धाकटा. थोरलीने त्याला पुढे धाडायचं, ‘जा, जग कसं आहे ते बघून सांग.’ त्याला जग आवडलं, तरच ती येते. आमचा तायवो सहाव्या वर्षी तापाने गेला.

मी आणि माझी मैत्रीण एबून, आम्ही दोघींनी दोन वर्षं खपून यावरच एक व्हिडिओ गेम केला होता. चित्रं तिची, बाकी डोकेफोड माझी. त्यात मारामारी नाही, घाई नाही. खेळणाऱ्याने तायवो व्हायचं, गळ्यात कॅमेरा अडकवून गावभर भटकायचं आणि पोटातल्या केहिंदेला बारा फोटो पाठवायचे. सगळं तयार होतं, फक्त आईला दाखवायचा राहिला होता. ती नको म्हणाली तर मी तो पुसून टाकणार होते. एबून यावरून माझ्याशी दोनदा भांडली.

एकवीस वर्षं आईने त्याचा विषय काढू दिला नव्हता. मावशीशी बोलताना ती एकदाच म्हणालेलं मी ऐकलं होतं, “त्याला माझं घर आवडलंच नाही.” त्या वाक्याचा मला अजून राग येतो.

रविवारी जेवणं झाल्यावर तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं.

“या वयात मला पोरखेळ?”

“बस गं. हे बटण दाबलं की फोटो निघतो.”

“मला शिकवू नकोस. तुला शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून बाजार सांभाळतेय मी.”

तिने पहिला फोटो काढला चुलीवरच्या चवळीच्या भांड्याचा. मग पायरीवर झोपलेल्या शेळीचा. मग परत शेळीचा.

“धबधब्यावर मी महिना घातला,” एबून माझ्या कानात कुरकुरली, “आणि तुझ्या आईला शेळी!”

पण आई डोंगर चढली. माथ्यावर तायवो थांबला. खाली गंजक्या पत्र्यांचं अख्खं गाव पसरलं आणि बगळ्यांचा थवा त्याच्या डोक्यावरून गेला. ते बगळे मीच उडवले होते, एकेक करून. तरी माझ्या अंगावर काटा आला.

“केवढं आहे गं हे!” आई स्क्रीनजवळ सरकली. “एवढं सगळं बघितलं त्याने?”

तिने उरलेले सगळे फोटो तिथेच काढले. मग स्क्रीनवर प्रश्न आला, ‘केहिंदेला पाठवायचे?’ तिने हात मागे घेतला.

“आवडलं असतं, तर राहिला असता.”

“आई, मी आले ना?” मी जवळजवळ ओरडलेच.

“म्हणजे?”

“त्याला आवडलं नसतं, तर मला ये म्हणाला असता का तो?”

गावात कुणाला जुळं झालं की हीच बाई जाऊन त्यांना हे सगळं सांगते. दिव्याखाली अंधार. मग तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

“ये गं,” ती स्क्रीनला म्हणाली, “तायवोला आवडलंय इथं.”