तेवीस टक्के ओल

आप्पा आयुष्यात एकच खोटं मन लावून बोलले होते, आणि तेही रोज दुपारी अडीच वाजता, वहीत, तारीख घालून.

वही होती ओलीची. अंगणात कॅरव्हॅन उभी असे, तिच्या भिंतींनी किती ओल धरलीय ते त्यात लिहायचं. गाडीमागे जोडून ओढत न्यायची ही चाकांवरची खोली आप्पांनी निवृत्तीनंतर बायकोच्या हौसेखातर घेतली होती. उन्हाळ्यात दोन-तीन सहली व्हायच्या, बाकीचे महिने ती नुसती उभी. आणि उभ्या कॅरव्हॅनचा खरा शत्रू म्हणजे ओल. ती मोजायचं एक छोटं यंत्र मिळतं. त्याच्या दोन सुया भिंतीला टेकवल्या की आकडा दिसतो. पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर खुशाल राहा; विसाच्या वर गेला तर भिंत आतून कुजायला लागली समजा.

आप्पांच्या यंत्रावर आकडा कधी बाराच्या वर गेलाच नव्हता. पण भिंती जर कोरड्या आहेत, तर हा माणूस रोज दोन-दोन तास आत काय करतो, असं कोणीही विचारलं असतं. आप्पांना तर आत बसायचंच होतं, कारण घरात मेहुणे होते. पाय मोडल्याचं निमित्त होऊन आले. पाय सांधला, मेहुणे राहिले. ते बातम्या बघत आणि बघितलेल्या बातम्या आप्पांना पुन्हा सांगत. आप्पांनी चाळीस वर्षं छापखान्यात बसून लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या होत्या. आता त्यांना एखादं पुस्तक चुका न काढता वाचायचं होतं. पण हे बायकोला सांगायला तोंड उघडेना. तिचा सख्खा भाऊ. म्हणून वहीतले आकडे चढत गेले. अठरा, एकोणीस, एकवीस. पुढे शेरा असे, 'खिडक्या उघडून हवा खेळवत बसलो.' त्यातलं 'बसलो' तेवढं खरं.

मग एक दिवस चिठ्ठी आली. अंगणातून पाण्याचा नवा पाइप जाणार होता. हिवाळाभर कॅरव्हॅन दुसरीकडे ठेवणं भाग होतं.

आप्पा आणि बायको तिला गाडीमागे जोडून गावाबाहेरच्या एका आवारात घेऊन गेले. तिथे अशाच गाड्या सांभाळायला ठेवून घेत. गुडघ्यापर्यंतचे बूट घातलेली मालकीण समोर आली.

"आत ठेवायची की बाहेर, ते सांगा," ती म्हणाली. "आत म्हणजे ही शेड. डोक्यावर छप्पर, खाली कोरडी फरशी. पण गाड्या एकीला एक चिकटवून लावतो. एकदा आत गेली की उन्हाळा लागल्यावरच बाहेर. मधे कोणी फिरकायचं नाही. मालकानंसुद्धा."

"आणि बाहेर?" आप्पांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बाहेर खडीवर. कुंपण आहे, कॅमेरे आहेत. ऊन-पाऊस खाते, टपावर शेवाळ धरतं. पण सकाळी सात ते संध्याकाळी सहा केव्हाही या, दार उघडा, बसा."

शेवटच्या शब्दानं आप्पांच्या जिवात जीव आला. आठवडाभर पाठ केलेले मुद्दे त्यांनी भराभर म्हणून टाकले. "अगं, बाहेर वारा लागतो. शेडमधे हवा कोंडते. टायर एकाच जागी बसून राहिले की चपटे होतात, ते अधूनमधून फिरवायला हवेत. बॅटरीकडे लक्ष ठेवता येईल."

बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि पिशवीतून वही काढली.

"हे बघा ताई," ती मालकिणीला म्हणाली. "रोज लिहितात हो! ब्याण्णव दिवस, एक खाडा नाही. परवा तर तेवीस. आता सांगा, तेवीस टक्के ओल असलेली गाडी पावसात उभी करायची?"

"तेवीस?" मालकिणीनं शीळ घातली. "मग शेडच. यात विचारायचं काय?"

"यांचा जीव गुंतलाय तिच्यात. डोळ्यांआड करवत नाही बिचाऱ्यांना."

बिचारे आप्पा आपल्याच वळणदार अक्षराकडे बघत राहिले.

"ठेवण्याआधी मी माझ्या यंत्रानं मोजते," मालकीण म्हणाली. "नंतर ती ओल माझ्या माथी नको. यंत्र घेऊन येते. तोवर वहिनी, शेड बघून घ्या."

दोघी गेल्या. एकटे उरलेले आप्पा कॅरव्हॅनमधे शिरले. समोर पाण्याची बाटली होती. भिंत कोरडी निघाली तर आपण खोटारडे ठरणार; ओली निघाली तर अब्रू वाचेल, पण खोली उन्हाळ्यापर्यंत गेली. त्यांनी रुमाल भिजवला, पिळला, खिडकीखालच्या कोपऱ्याशी नेला. तेवढ्यात गादीखाली ठेवलेली कादंबरी आठवली. तीनशे बारावं पान. नायिकेनं नुकतंच कोणाचं तरी पत्र फोडलं होतं. उन्हाळ्यापर्यंत तिला तसंच उभं ठेवायचं?

आप्पांनी त्या रुमालानं स्वतःचं तोंड पुसलं.

दोघी परत आल्या. मालकिणीनं सुया टेकवल्या. अकरा. दुसऱ्या कोपऱ्यात अकरा. दाराशी दहा.

"अहो वहिनी, ही तर ठणठणीत आहे! घरचं यंत्र बिघडलं असेल."

आप्पांना ती मालकीण देवदूतासारखी वाटली. "तसंच असणार," ते घाईघाईनं म्हणाले.

"बरं झालं बाई!" बायकोनं वही मिटली. "म्हणजे आता रोज तपासायलाही नको. कोरडी आहे तशी कोरडीच शेडमधे घाला. सुटलात हो तुम्ही!"

सुटले कसले, आप्पा पुरते अडकले. त्यांनी मालकिणीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, शेवटी बायकोच्या चपलांकडे बघत म्हणाले, "यंत्र ठीक आहे. आकडे मी मनानं लिहिले."

"काय?"

"शेडमधे नको ना. मला दुपारी वाचायला जागा लागते."

मालकीण आपल्या बुटांचं बारकाईनं निरीक्षण करू लागली.

"ब्याण्णव दिवस?" बायकोनं विचारलं.

"रविवार धरून."

"आणि मी रोज सकाळी उठून भिंतींना हात लावून बघतेय, फुगल्यात का म्हणून! मला वाटलं, माझ्या हौसेची गाडी डोळ्यांदेखत कुजतेय!"

हे आप्पांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांची मान आणखी खाली गेली. "चुकलं माझं," ते म्हणाले.

"दादाचा कंटाळा आला, एवढं सांगता येत नव्हतं?"

"तुझा सख्खा भाऊ तो."

"म्हणून तर मला जास्त माहीत! लहानपणी तो बोलायला लागला की मी पेटीमागे लपून बसायचे."

मालकिणीला खोकला आला. तो खोकला नव्हता. "मग काय लिहू? आत की बाहेर?"

"बाहेर," बायको म्हणाली. "कुंपणाकडची जागा द्या. पण किल्ली माझ्याकडे राहील. यांनी रोज मागायची आणि कशाला हवी ते सांगायचं. खरं खरं."

"रोज?" आप्पांनी विचारलं.

"रविवार धरून. चला, आत्ता मागून दाखवा."

आप्पांचे कान लाल झाले. परक्या बाईसमोर असं काही मागायची त्यांच्यावर कधी वेळ आली नव्हती.

"उद्या दुपारी मला... वाचत बसायचंय. किल्ली देशील?"

"कितीपर्यंत?"

"पाच."

"साडेचार."

"पाच," आप्पा म्हणाले, आणि या वेळी त्यांनी मान वर केली. "प्रकरण अर्धं टाकून उठता येत नाही."