मधमाशीवाले सापडत नाहीत

माझ्या सासऱ्यांचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही. नऊ वर्षांत ते माझ्या तोंडून एकदाही निघालेलं नाही आणि गोष्ट सांगायची म्हणून आता निघेल, असंही नाही. त्यांचंच नव्हे, त्यांच्या भावांचं, माझ्या थोरल्या दिरांचं, कुणाचंच नाही. आमच्या इस्सिक-कूल सरोवराच्या दक्षिण काठावर जुन्या वळणाच्या घरांत सून सासरच्या थोरल्या पुरुषांचं नाव घेत नाही. सासऱ्यांना मी आताके, म्हणजे बाबा, म्हणते; एक चुलत सासरे मधमाश्या पाळतात म्हणून ते मधमाशीवाले, दुसरे दाढीवाले, तिसरे वरच्या आळीतले. मलाही सासरी कुणी नावानं हाक मारत नाही. मी केलिन, म्हणजे सून. केलिन, चहा आण. केलिन, घोड्या दोहून झाल्या का? यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. वाटलं ते कॉम्प्युटरपुढे बसल्यावर.

त्या वसंतात गावच्या वाचनालयात वेब ॲप शिकवायचा वर्ग निघाला. आम्ही दहा बायका आणि मुली. राजधानीहून, बिश्केकहून, एल्दियार नावाचा चोवीस वर्षांचा मास्तर यायचा, कानात सतत काहीतरी खुपसलेला. शेवटच्या शुक्रवारी प्रत्येक जोडीनं आपलं ॲप गावापुढे चालवून दाखवायचं आणि त्यातून तिघींना काराकोल शहरातल्या सहा महिन्यांच्या वर्गात जागा मिळणार, असं ठरलेलं. सासूबाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "तिघींत आलीस तर जा, मी अडवणार नाही. नाही आलीस तर रविवारी घोड्यांबरोबर वर कुरणात. सप्टेंबरपर्यंत घोडीच्या दुधाचं कुमीस घुसळायचं आणि कॉम्प्युटरचं नाव काढायचं नाही."

मला काराकोलला जायचं होतं. दुसरं काहीच नको होतं. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं तेव्हा माझं कॉलेज अर्ध्यावर राहिलं, त्याची चीड माझ्या पोटात नऊ वर्षं तशीच बसून होती.

माझी जोडीदार नूरजादा. वीस वर्षांची, बिनलग्नाची, तोंडाळ. आम्ही पाण्याच्या पाळ्यांचं ॲप करायला घेतलं. गावात अडतीस घरं, पाट एकच. कुणाच्या जर्दाळूंना कधी पाणी मिळणार, ते पाटकरी काचकिन आकेंच्या, म्हणजे काचकिनदादांच्या, वहीत लिहिलेलं. ती वही त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात, म्हणजे पाळी विचारायला आधी काचकिन आके कुठे आहेत ते शोधायचं. आमच्या ॲपमध्ये घराचं, म्हणजे घरमालकाचं, नाव लिहिलं की वार आणि वेळ दिसणार होती. नूरजादानं वहीवरून घरांची नावं एका फाइलीत उतरवली. दुसऱ्या फाइलीत ती नावं घेऊन मी पाळ्या लावल्या. मग दोन्ही फाइली कम्पाइल करायच्या, म्हणजे आपलं लिहिणं यंत्राला चालवता येईल असं करून घ्यायचं. झालं तर ॲप उघडतं. नाहीतर लाल ओळी.

आम्हाला लाल ओळी आल्या. त्रेसष्ट.

दोन दिवस आम्ही डोकं आपटलं. कंस मोजले. स्वल्पविराम काढले, पुन्हा घातले. नूरजादानं अख्खा कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि त्याला दोन शिव्या दिल्या. त्रेसष्टाच्या एकशे बारा झाल्या. एल्दियार आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "सगळ्या काय वाचता? पहिली वाचा. बाकीच्या बहुतेक तिच्यामुळेच आलेल्या असतात."

पहिली ओळ त्यानं मोठ्यानं वाचली. "मधमाशीवाले सापडत नाहीत." मग पुढची. "दाढीवाले सापडत नाहीत. वरच्या आळीतले सापडत नाहीत." तो हसायलाच लागला. वर्गात तो मला नावानं, पुढे एजे म्हणजे ताई लावून, हाक मारायचा. "बुरुलाई एजे, हे कोण लोक? नूरजादाच्या फाइलीत असलं कुणीच नाही. ही काय सर्कस आहे?"

सगळ्या वळून बघायला लागल्या. माझे कान तापले. देवाशपथ सांगते, लिहिताना माझ्या लक्षातही आलं नव्हतं. जी नावं जीभ घेत नाही ती बोटांनीही घेतली नव्हती. सासरच्या चौदा घरांना मी माझ्या नेहमीच्या नावांनी लिहून मोकळी झाले होते.

"खरी नावं घाला, पाच मिनिटांचं काम आहे," एल्दियार म्हणाला. "यंत्राला सासू-सासरे नसतात."

"मला आहेत," मी म्हटलं.

"एजे, हे एकविसावं शतक आहे."

"असू दे. तुझ्या शतकाला सांग, मी नाही लिहीत."

तो खांदे उडवून उठला. नूरजादानं कीबोर्ड आपल्याकडे ओढला. "मी लिहिते. मला कुठे नवरा आहे?" तिनं चौदाही नावं भरभर घातली, कम्पाइल केलं आणि ॲप उघडलं. बुधवारची दुपार होती. नूरजादानं मला मिठी मारली. मीही हसले, पण मनातून काही फार आनंद झाला नाही.

तेवढ्यात आयचुरेक आली, माझी शेजारीण. नवरा रशियात, घर सासऱ्यांच्या नावावर, पाणी सोडायला हीच. चिखलाचे बूट दाराशी काढून आत आली नि म्हणाली, "दाखवा गं माझी पाळी, काचकिन आकेंच्या मागे फिरून पाय दुखले." मी तिला खुर्चीवर बसवलं. "घराचं नाव लिही." तिनं बोटं पुढे केली. ती तशीच राहिली. मग तिनं तोंडावर हात धरला, हसली आणि उठली. "जाऊ दे, त्यांनाच विचारते." बूट घालून ती गेली.

मी त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसले. मग नूरजादाला म्हटलं, "वही काढ. कुणाच्या घरी पाणी कोण सोडतं, ते सांगत जा."

आम्ही अडतीस घरं मोजली. वहीत सगळी पुरुषांची नावं. त्यातले काही रशियात, काही कबरस्तानात, काहींचे गुडघे गेलेले. पहाटे पाटावर फावडं घेऊन उभ्या असतात त्या एकतीस घरांतल्या बाया. उरलेल्या सात घरांत पुरुषच पाणी सोडतात आणि त्यातलं एकही नाव मला टाळायचं नव्हतं. म्हणजे ज्यांना ॲप हवं होतं त्यांना ते उघडताच येणार नव्हतं, आणि ज्यांना उघडता येणार होतं त्यांना त्याची गरज नव्हती. मला इतका संताप आला की मी दोन्ही फाइलींतली एकतीस नावं तिथल्या तिथे पुसून टाकली.

"काय करतेस!" नूरजादा ओरडली.

एल्दियार धावत आला. पडद्यावर एकशे चाळीस लाल ओळी. "चालणारी गोष्ट कुणी मोडतं का? परवा गावापुढे दाखवायचंय! नाही चाललं तर तुमची दोघींची जागा गेली, मला काही करता येणार नाही."

"तुला कुणी सांगितलंय काही करायला?" मी म्हटलं. "पहिली ओळ वाचायची ना? तीच वाचतेय."

गुरुवारी घरची कामं आटपून मी वाचनालयात गेले ती वाचनालय बंद होईपर्यंत उठले नाही. पहिली ओळ वाचायची, दोन्ही फाइलींत त्या बाईचं नाव घालायचं, पुन्हा कम्पाइल. आयचुरेक. तिची जाऊ. दाढीवाल्यांची सून. नव्वदवर आलो, मग चाळीसवर. एका ठिकाणी नूरजादानं एक नाव एका फाइलीत घातलं नि दुसरीत विसरली, तिथे तास गेला आणि आम्ही भांडलो. शेवटी एकच लाल ओळ उरली. आमचं घर. सासऱ्यांचा गुडघा धरलेला, नवरा रशियात नोवोसिबिर्स्कला बांधकामावर. मंगळवारचं पाणी सहा वर्षं मी सोडते. मी तिथे बुरुलाई असं लिहिलं. लाल ओळ गेली.

शुक्रवारी गावाच्या सभागृहात माणसं जमली. काराकोलहून एक बाई आल्या होत्या, जागा त्याच देणार होत्या. सासूबाई दुसऱ्या रांगेत, सासरे काठी टेकून कडेला. मी ॲप उघडलं, यादी भिंतीवर मोठी दिसली. सगळे माना उंचावून वाचायला लागले. मग काचकिन आके उठले.

"हे कुठलं गाव आहे? मला तर अर्धी घरंही ओळखू येईनात."

"आपलंच आहे, आके," मी म्हटलं.

"पाण्याचा हक्क घराच्या मालकाचा असतो, पोरी. बायकांच्या नावावर पाणी कधी लागलं?"

"हक्क तुमच्या वहीत राहू दे. इथे फक्त पाटावर कोण उभं असतं ते आहे. यात खोटं नाव एक दाखवा, आत्ता पुसते."

मागे बायका खुसखुसल्या. काचकिन आके लाल झाले. त्यांनी कडेला बघून सासऱ्यांना हाक मारली. "तू ये रे इकडे! शोध तुझं घर. बघू या तुझी सून तुला कुठे ठेवते ते."

सासऱ्यांचा राग मी पाहिलेला आहे. मी यादी मिटवून नाव लिहायची रिकामी चौकट उघडली. ते काठी टेकत आले, खुर्चीत बसले आणि एका बोटानं, शोधून शोधून, स्वतःचं नाव लिहिलं. भिंतीवर अक्षरं आली, हे नाव यादीत नाही. कुणीतरी हसलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नूरजादा सांगायला पुढे झुकली, तिचं मनगट मी धरून ठेवलं. मी सांगणार नव्हते. नऊ वर्षं त्यांचं नाव मी सांभाळलंय, माझं त्यांना ठाऊक आहे की नाही एवढं तरी कळू दे, असं मला वाटलं. काराकोलच्या बाई पेन खाली ठेवून बघत होत्या. मला जागा गेल्यासारखीच वाटत होती, तरी मी नूरजादाचं मनगट सोडलं नाही.

सासऱ्यांनी चष्मा पुसला. मग त्यांनी एकेक अक्षर लिहिलं, कुणालाही न विचारता, बरोबर. आणि मोठ्यानं वाचलं, "बुरुलाई. मंगळवार, सहा ते आठ."

माझं नाव त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं. रडू आलं, पण काचकिन आकेंपुढे रडायची माझी तयारी नव्हती.

"बघितलंस?" काचकिन आके म्हणाले. "सांग तिला, बदल म्हणावं."

"काय बदल?" सासरे म्हणाले. "मंगळवारी सहाला मी झोपलेला असतो."

सभागृह हसलं. काचकिन आके वही चाचपत खाली बसले. तासाभरानं काराकोलच्या बाईंनी तीन नावं वाचली. दुसरं माझं होतं, तिसरं नूरजादाचं.

सासूबाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. अभिनंदन वगैरे काही नाही. "तू काराकोलला जाणार, मग मंगळवारी पाणी कोण सोडणार?"

मी सासऱ्यांकडे बघितलं. सासूबाईंनीही बघितलं. त्यांनी गुडघा चोळला, घसा खाकरला, आणि पुटपुटले, "सोडीन. मग आता यादीत माझं घाल."

मी कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला.

"तुमचं तुम्हीच लिहा, आताके. मी नाही लिहिणार."