लाल खूण

ट्रायथलॉनच्या आदल्या दिवशी मिनल तलावात पोहून बघायला आली. सायकलचं आणि धावण्याचं तिला काही वाटत नव्हतं, पण पाण्यात ती हटकून डावीकडे भरकटायची. म्हणून तिने पलीकडच्या काठावरची एक लाल खूण हेरली. चार हात मारले की मान वर काढून ती खूण बघायची, असं करत ती चक्क नाकासमोर सरळ गेली. तिचा जीव भांड्यात पडला.

काठाला लागून पाहते तर ती खूण म्हणजे कुंपणावर वाळत घातलेलं लुगडं. एक म्हाताऱ्या काकू त्याची घडी घालत होत्या.

मिनलने घाबरतच विचारलं, "काकू, हे उद्या सकाळीही इथेच वाळत घालाल का? शर्यतीत मला याच्याकडेच बघून पोहायचंय."

"उद्या तर मी हेच नेसून तुमची शर्यत पाहाले येऊन राहिली," काकू हरखून म्हणाल्या.

"मग निदान इथेच उभ्या राहा."

"एका जागी काहून उभी राहू वं? तू एकटी पोरगी पाण्यात. काठाकाठानं चालीन ना तुह्यासंगं."