डाव्या गालातले खिळे

खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवणारा कारागीर कामाच्या वेळी बोलत नाही, आणि लोकांना वाटतं त्याला शिष्टपणा आलाय. शिष्टपणा कसला डोंबलाचा! त्याच्या तोंडात खिळे असतात. चिमूटभर बारीक खिळे गालात भरायचे, जिभेने एकेक फिरवून टोपीकडून ओठांवर आणायचा, लोहचुंबकाच्या हातोडीने तिथूनच उचलायचा आणि लाकडात ठोकायचा. एक हात कापड ताणायला गुंतलेला, दुसऱ्यात हातोडी. तिसरा हात माणसाला नसतो, म्हणून तोंड. आपला कुशनवाला हे वयाच्या पंधराव्या वर्षापासून करत आला होता. वडिलांनी शिकवलं. वडील खिळे डाव्या गालात ठेवायचे, म्हणून हाही डाव्याच गालात ठेवायचा.

आता तो बावन्न वर्षांचा होता, लग्न केलं नव्हतं, आणि दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत थोरल्या बहिणीबरोबर राहत होता. दाढ दुखते म्हणून तो दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाईंनी दाढ बघितली, मग आरसा गालाकडे वळवला आणि तिथेच थांबल्या.

"हा पांढरा डाग कधीपासून आहे?"

"कुठला डाग?" तो म्हणाला. वास्तविक तीन महिने त्याची जीभ दिवसातून शंभरदा तिथे जाऊन येत होती.

बाईंनी कापसाने पुसून बघितलं, डाग निघाला नाही. काम काय करता, ते विचारलं. खिळ्यांचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "पंधरा दिवस तोंडात एकही खिळा घ्यायचा नाही. घासून घासून झालं असेल तर कमी होईल. नाही झालं तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

"बरं," म्हणून तो दुकानात आला, हातोडी घेतली आणि चिमूटभर खिळे डाव्या गालात टाकले.

तुम्ही म्हणाल, वेडा की काय हा? वेडा नव्हता, भ्यायला होता. त्याचा हिशोब असा, की खिळे गालात आहेत तोवर डागाला कारण आहे. खिळे काढले आणि डाग तसाच राहिला, तर मग तो कशाचा? ते कळण्यापेक्षा खिळे चघळलेले बरे. पंधरा दिवस त्याने रोजच्यापेक्षा जास्त काम केलं.

आणि त्या दुकानात एकट्याने काम करणं सोपं नव्हतं. मागच्या भिंतीशी वडिलांचं स्टूल होतं. वडील जाऊन सहा वर्षं झाली तरी पाठ करून बसलं की मागे कुणीतरी बसलंय असं त्याला वाटे. कापड ताणताना नकळत तो हुंकार देई. बापलेकांची ती भाषाच होती, खिळे तोंडात ठेवून बोलायची. एक हुंकार म्हणजे ताण, दोन म्हणजे सोड. हुंकार दिला की तो क्षणभर थांबे, उत्तराची वाट बघे. मान वळवून मात्र बघत नसे.

त्याला कारण होतं. सात वर्षांपूर्वी त्याने हवेवर चालणारं, पिना मारायचं यंत्र आणलं होतं. वडील म्हणाले, "ह्या फटफटीने खुर्ची होते का?" हा म्हणाला, "तुमच्या हातोडीने पोट भरतं का?" ते शेवटचं धड बोलणं. त्यानंतर वडिलांनी खिळे तोंडात घेणं सोडलं. जेवताना मान खाली घालून बसायचे, ताट तसंच ठेवून उठायचे. आधी बोलणं तुटक झालं, मग होय-नाहीपुरतं उरलं, मग तेही गेलं. वाळत वाळत वर्षभरात म्हातारा संपला. लोक म्हणाले, पोराच्या वागण्याची हाय खाल्ली. बहीणही म्हणाली, आणि तिने ते तोंडावर म्हटलं. दिवसकार्य उरकल्यावर त्याने यंत्र चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि पुन्हा खिळे तोंडात घेतले. ही त्याने स्वतःला दिलेली शिक्षा होती.

पंधरा दिवसांनी बाईंनी विचारलं, "खिळे बंद होते ना?"

"एकही घेतला नाही."

बाईंनी विश्वास ठेवला. "मग थांबण्यात अर्थ नाही. आजच तुकडा काढू."

झालं. ज्याला तो इतका भीत होता ते त्याच्याच थापेने ओढून आणलं. खरं बोलला असता तर आणखी पंधरा दिवस तरी मिळाले असते. पण आता खरं सांगायची लाज वाटली. खुर्ची मागे झुकली, डोक्यावरचा दिवा लागला.

"मोठा आ करा. आणखी. दिव्याकडे बघा."

सुई टोचली, गाल जड झाला आणि परका वाटायला लागला. दिव्याकडे बघता बघता त्याला अचानक दुसरा उजेड आठवला.

भर दुपारी, दुकानात. यंत्राचा फटफट आवाज चाललेला. वडील समोर येऊन उभे राहिले होते, हातात टॉर्च. त्यांनी टॉर्च याच्यापुढे धरली आणि तोंड उघडलं. याला वाटलं, आता शिव्या सुरू होणार. याने मान वर केली नाही. "बाबा, आत्ता नको," म्हणाला आणि पुढची पिन मारली. वडील थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग गेले. टॉर्च कशाला आणली होती, हा प्रश्न त्याला तेव्हाही पडला नव्हता आणि नंतरच्या सहा वर्षांतही पडला नव्हता.

"दुखतंय का?" बाईंनी विचारलं, कारण त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. त्याने मान हलवली. डाळीएवढा तुकडा निघाला, औषधाच्या बाटलीत बुडाला, गालात तीन टाके पडले. दहा दिवसांनी रिपोर्ट येईल म्हणाल्या.

ते दहा दिवस विचारू नका. बधिरपणा उतरला तसा गाल ठणकायला लागला. बोलायला जावं तर टाके ओढत. गरम चालेना, तिखट चालेना. तो चहा निवू द्यायचा, त्यात पाव भिजवायचा, मान खाली, उजवीकडे कलती करून गिळायचा. तिसऱ्या दिवशी बहीण समोर जेवता जेवता थांबली. तिचा घास हातातच राहिला.

"असा का बसलायस?"

"कसा?"

"बाबा बसायचे तसा. मला भीती वाटते, नीट बस."

त्याला नीट बसता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात खिळे तोंडाऐवजी डाव्या तळहातावर घेऊन तो काम करायला बसला आणि तळहाताकडे बघतच राहिला. शेवटच्या वर्षात वडील अगदी असेच खिळे धरायचे. तेव्हा हा चिडला होता. माझ्यावरच्या रागापायी म्हातारा स्वतःची पद्धतही सोडायला निघाला, असं त्याला वाटलं होतं. मागे कुणीतरी बसल्यासारखं वाटत होतं, आणि आज पहिल्यांदा त्याने वळून बघितलं. स्टूल रिकामं होतं. त्याने तो आणखीच भेदरला.

दहाव्या दिवशी बाईंनी कागद दोनदा वाचला. "कॅन्सर नाही. पण पेशी बिघडायला लागल्या आहेत. वेळेत आलात. उरलेला डाग काढून टाकू, आणि दर तीन महिन्यांनी मला तोंड दाखवायचं. खिळे कायमचे बंद."

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग आपण थाप मारली होती तेही सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. "आणि हे कुणी बघितलंच नाही तर?" त्याने विचारलं. "म्हणजे माणूस बोलेनासा होतो, खाईनासा होतो, वाळत जातो, असं होतं का?"

"होतं. कुणाबद्दल विचारताय?"

"माझे वडील."

"न बघता काही सांगता येणार नाही," बाई हळूच म्हणाल्या. "पण असू शकेल."

घरी बहीण जिन्यातच बसली होती. कॅन्सर नाही म्हटल्यावर तिने पदर तोंडाला लावला आणि भरपूर रडून घेतलं. तो तिच्या खालच्या पायरीवर बसला आणि बाबांना हेच झालं असावं, ते सांगितलं. तिला समजायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे त्यांनी तुझ्याशी अबोला धरला नव्हता," ती म्हणाली. "त्यांना बोलताच येत नव्हतं. आणि मी मेली सहा वर्षं तुला बोल लावत बसले." तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चुकले रे मी."

इथे तो गप्प बसला असता तर चाललं असतं. सहा वर्षांचं ओझं उतरलं होतं, बहीण माफी मागत होती. पण त्याला राहवलं नाही. "ताई, ते मला दाखवायला आले होते. टॉर्च घेऊन. मी बघितलं नाही. आत्ता नको म्हणालो."

बहिणीचा हात खांद्यावरच होता, पण तो जड झाला.

"टॉर्च मीच दिली होती," ती म्हणाली. "गालात काहीतरी झालंय म्हणत होते. मी म्हटलं, दाखवा मला. तर म्हणाले, तुला नाही कळायचं, खिळ्याची जखम कामातल्या माणसालाच कळते, त्याला दाखवतो. म्हणून मी टॉर्च दिली."

"मग?"

"मग वर आले. मी विचारलं, बघितलं का त्याने? तर म्हणाले, हो, नीट बघितलं. काही नाही म्हणतो. म्हणून मी पुन्हा विचारलं नाही."

खाली दुकानाचं दार उघडंच होतं. कुणीतरी गिऱ्हाईक येऊन हाक मारत होतं, आणि दोघांपैकी कुणीही उठलं नाही.

"ते रागावलेलेच असते तर बरं झालं असतं, ताई," तो म्हणाला.